आठ पायांची दामदुप्पट

इलेक्ट्रॉनिक्सच्या नादाला लागलेल्या माणसाची प्रगती ठरलेल्या पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीवर तो एक एलईडी लुकलुकवतो आणि घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवतो. घरातले येतात, बघतात, ‘छान’ म्हणतात आणि कुकर बंद करायला परत जातात. दुसऱ्या पायरीवर गच्चीवरची टाकी भरली की वाजणारा भोंगा तयार होतो. या अख्ख्या छंदातली ही एकमेव उपयोगी वस्तू. तिच्यामुळे सोसायटीत मान वाढतो, आणि भोंगा पहाटे चारला वाजेपर्यंत तो टिकतो. तिसऱ्या पायरीवर मात्र माणूस असमाधानी होतो. हातात नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि मनात अठरा व्होल्ट घोळत असतात.

या असमाधानातून जे सर्किट जन्माला येतं त्याला ‘व्होल्टेज डबलर’ म्हणतात. एक ५५५ टायमर, दोन डायोड, दोन रेझिस्टर आणि मूठभर कपॅसिटर. एवढ्या ऐवजात नऊचे अठरा होतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. अठराच्या आधी ‘सुमारे’ असंही लिहिलेलं असतं, पण हौशी माणसाची नजर तेवढंच अक्षर चुकवून पुढे जाते.

आता, दुप्पट म्हटलं की आपल्याकडे माणसांचे दोन तट पडतात. एक लगेच चौकशी करतो, दुसरा लगेच दार लावून घेतो. दोघांचा पिंड एकच. दार लावणाऱ्याचे पैसे आधीच घालून झालेले असतात, इतकंच. आमच्या शेजारचे काका दार लावणाऱ्यांतले. हयात बँकेत गेली, तीही तपासणी विभागात. दुसऱ्याने केलेली बेरीज उलटी करून पाहिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. पुडीतल्या शेंगदाण्यांवरही ते आधी वजन आणि भाव यांचा मेळ घालतात आणि मग पहिला दाणा तोंडात टाकतात. अशा गृहस्थांना भिंतीपलीकडून कळलं, की शेजारचा मुलगा टेबलावर काहीतरी दुप्पट करतोय. ते चष्मा पुसत आले.

“दुप्पट? किती मुदतीत?”

“काका, सेकंदाच्या आत.”

काकांनी खुर्ची ओढली. सेकंदात दुप्पट देणाऱ्या योजनेची ताबडतोब तपासणी व्हायला हवी, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. “किसान विकास पत्र १९८८ साली आलं तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट होतं,” ते म्हणाले. “अलीकडे ११५ महिने लागतात. भारत सरकारला जमत नाही ते तुझ्या या झुरळाला जमतं?”

झुरळ म्हणजे ५५५. उलटी पडली की ही चिप खरोखरच झुरळासारखी दिसते. पाय मात्र आठ. हिची जन्मकथा मोठी उद्बोधक आहे. कॅलिफोर्नियातल्या सिग्नेटिक्स कंपनीत हान्स कॅमेंझिंड नावाचे मूळचे स्विस गृहस्थ होते. त्यांनी पगारी नोकरी सोडली आणि त्याच कंपनीचं काम कंत्राटावर घेतलं. १९७१ साली त्यांनी या टायमरचा आराखडा केला. तेव्हा कंपनीतल्या बाकीच्या इंजिनियरांनी विचारलं, की आपण विकतो त्याच सुट्या भागांतून असला टायमर जुळवता येतो, मग ही वेगळी चिप हवी कशाला? म्हणजे ‘याची गरज काय’ हा प्रश्न माझ्या घरी जन्मलेला नाही, तो चिपसोबतच जन्मलेला आहे. सुदैवाने विक्री विभागाच्या आर्ट फ्युरी यांना कल्पना पटली. पहिल्या आराखड्यात नऊ पाय लागत होते. कॅमेंझिंडनी फेरविचार करून ते आठवर आणले, त्यामुळे चिप लहान आणि स्वस्त पेटीत मावली. १९७२ मध्ये ती बाजारात आली आणि पन्नास वर्षं उलटून गेली तरी अजून विकली जाते.

नावाबद्दल एक लाडकी दंतकथा आहे. चिपच्या पोटात पाच-पाच किलोओहमचे तीन रेझिस्टर एका रांगेत आहेत, म्हणून ५५५. रेझिस्टर खरे आहेत, कथा खोटी. तो आकडा फ्युरींनी सहज निवडला, असं कॅमेंझिंडनीच पुढे सांगून टाकलं. तरी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना कोणीतरी ही कथा सांगतंच, कारण ‘सहज निवडला’ हे परीक्षेत लिहिता येत नाही.

त्या तीन रेझिस्टरांचं खरं काम वेगळंच आहे. ते पुरवठ्याचे तीन समान वाटे करतात. नऊ व्होल्ट दिले तर एक खूण तीनवर पडते, दुसरी सहावर. बाहेर जोडलेला एक छोटा कपॅसिटर भरत भरत सहाला पोचला, की चिप सातव्या पायाने त्याला रिकामा करायला घेते. तीनवर आला, की पुन्हा भरू देते. बिचारा कधी पुरता भरत नाही आणि कधी पुरता रिकामाही होत नाही. महिन्याच्या मधल्या पंधरवड्यातच जन्म जातो. या येरझाऱ्यांच्या तालावर तिसरा पाय, म्हणजे आउटपुट, खाली-वर होत राहतो.

हा सगळा माल पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतो आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला. गिऱ्हाईक हौशी आहे की धंदेवाईक, हे तिथल्या दुकानदाराला पहिल्याच वाक्यात कळतं. धंदेवाईक माणूस “ट्रिपल फाइव्ह, शंभर” एवढं बोलून मोबाइल बघू लागतो. हौशी माणूस “एक ५५५ हवी होती” असं म्हणतो आणि ती कशासाठी हवी हे सांगायला लागतो. दुकानदार ऐकून घेत नाही, तो प्लॅस्टिकचा खण उघडून म्हणतो, “दोन घेऊन जा.” यात धंद्याचा भाग कमी आणि माणसाची पारख जास्त असते. डायोडचंही तसंच. त्याच्या अंगावर ‘१एन ४१४८’ छापलेलं असतं, पण काउंटरवर सगळे ‘आयएन’च म्हणतात. तुम्ही ‘वन एन’ असा शुद्ध उच्चार केलात, की हे पुस्तक वाचून आलेलं गिऱ्हाईक आहे हे आजूबाजूच्या चार गिऱ्हाइकांनाही समजतं.

हा ४१४८ म्हणजे काचेचा तांबूस दाणा, जिऱ्यापेक्षा थोडा मोठा. एका टोकाला काळी पट्टी; वीज त्या पट्टीकडेच जाऊ शकते, उलटी येऊ शकत नाही. मोझेकच्या फरशीवर पडला, की तो फरशीचा होतो. मग आपण रांगत, गाल जमिनीला टेकवून, तिरप्या नजरेने शोधत राहतो. घरातल्यांची समजूत होते, की माणूस शेवटी योगासनांकडे वळला.

पण डबलरमधला सगळा चमत्कार या दोन दाण्यांचाच आहे, आणि तो समजून घ्यायला दहीहंडी पाहिलेली असणं पुरेसं आहे. तिसरा पाय खाली बसलेला असतो, तेव्हा पहिला कपॅसिटर त्याच्या खांद्यावर चढतो आणि पहिल्या डायोडमधून बॅटरी त्याला भरते. मग तिसरा पाय उभा राहतो. कपॅसिटरच्या पोटातले व्होल्ट होते तेवढेच असतात; पण ज्याच्या खांद्यावर तो उभा आहे, तोच आता साडेसात व्होल्टांनी उंच झालेला असतो. साहजिकच कपॅसिटरचं डोकं बॅटरीच्याही वर जातं. पहिला डायोड मागे फिरू देत नाही, दुसरा पुढची वाट देतो, आणि वरचा सगळा ऐवज दुसऱ्या कपॅसिटरमध्ये ओतला जातो. पुन्हा बसणं, पुन्हा चढणं, पुन्हा उभं राहणं. १ किलोओहम, १० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड अशी जोडणी केली, तर हा सोहळा सेकंदाला सुमारे ६,९०० वेळा होतो. तोही डीजेशिवाय, आणि प्रमुख पाहुण्यांची वाट न बघता.

काकांना हे सारं पटलं. पण पटणं वेगळं आणि ताळेबंद वेगळा. त्यांनी मल्टिमीटरकडे बोट केलं. “वाच.”

मीटरवर पंधरा पूर्णांक दोन.

“नऊ दुणे?”

“अठरा.”

“बाकीचे दोन पूर्णांक आठ कुणाच्या खात्यात?”

या प्रश्नावर बहुतेक दुप्पट योजनांचे चालक कार्यालयाला कुलूप लावून परगावी जातात. ५५५ला लपवण्यासारखं काहीच नसतं. चिपच्या आउटपुटमध्ये वरच्या बाजूला दोन ट्रान्झिस्टर एकामागे एक बसलेले असतात. दोघं आपापला वाटा घेतात, म्हणून तिसरा पाय पूर्ण नऊपर्यंत कधी पोचतच नाही; दीड व्होल्ट खाली थांबतो. हे डेटाशीटमध्ये लिहिलेलंच आहे. पुढे दोन डायोड, प्रत्येकी पाऊण व्होल्टाला थोडे कमी. काकांनी सर्किटच्या कागदाच्या समासात पेन्सिलीने मांडलं: ट्रान्झिस्टर १.५, डायोड ०.६५, पुन्हा डायोड ०.६५. बेरीज २.८. त्यांनी ती उलटी करून पाहिली. जुळली.

“म्हणजे मधे एजंट आहेत,” ते म्हणाले. “पण कमिशन ठरलेलं आहे आणि बोर्डावर लावलेलं आहे. ठीक. आता पैसे काढून दाखव.”

ही खरी परीक्षा. नुसतं मीटर लावणं म्हणजे पासबुक भरून घेणं. त्यात रक्कम नेहमीच छान दिसते. १० मिलिअँपिअरचा भार जोडला आणि आकडा साडेचौदाच्या आसपास उतरला. भार वाढवला, तो आणखी घसरला. काकांच्या डोळ्यांत जुनी ओळख पटल्याची चमक आली. “ठेवली तर आहे, काढायला गेलं की नाही. हे मी पाहिलेलं आहे.”

“काका, बॅटरीकडून किती घेतोय तेही बघा.”

डबलर वर १० मिलिअँपिअर देतो तेव्हा खालून त्याच्या दुप्पट, म्हणजे २० घेतो. शिवाय ५५५ला स्वतःच्या पोटासाठी नऊ व्होल्टवर साधारण सहा लागतात. एकूण २६. काकांचा गुणाकार तोंडी होता: नऊ गुणिले सव्वीस, २३४ मिलिवॉट आत. साडेचौदा गुणिले दहा, १४५ बाहेर. पेन्सिल थांबली.

“शंभर घातले, बासष्ट हाती आले. आणि पाटीवर लिहिलंय दुप्पट!”

“व्होल्टेज दुप्पट, काका. करंट निम्मा.”

“आकडा मोठा आणि रक्कम छोटी. बरं, दुपटीच्या वर कधी देतो का?”

“एका पायरीत नाही.”

“चला, दामदुपटीचा नियम तरी पाळतो.” इथे त्यांचा आवाज जरा मवाळ झाला. दामदुपट हा जुन्या हिंदू कायद्यातला नियम. एका वेळी वसूल होणारं थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, असं तो सांगतो, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो मानत. सावकाराला लावलेली ही मर्यादा दोन डायोड आणि दोन कपॅसिटर कोर्टकचेरीशिवाय पाळतात, याचं काकांना कौतुक वाटलं.

पण ‘एका पायरीत नाही’ याचा अर्थ जास्त पायऱ्यांत हो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. तिथे मग मला त्यांना केंब्रिजला न्यावं लागलं. थरावर थर चढवायची ही कल्पना हाइनरिख ग्राइनाखर यांची, हेही स्विस. बँका आणि घड्याळं सोडून उरलेल्या वेळात त्या देशाने हे उद्योग केले. पुढे जॉन कॉक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्याच कल्पनेवर थर लावत लावत सुमारे सात लाख व्होल्टपर्यंत मजल मारली, आणि १९३२च्या एप्रिलमध्ये लिथियमचा अणुगर्भ फोडला. त्यांच्या यंत्राच्या नळ्यांसाठी पेट्रोल पंपावरची काचेची नळकांडी वापरली होती आणि हवेच्या फटी बुजवायला प्लॅस्टिसिन, म्हणजे मुलांची खेळायची माती. यंत्र चालू असताना वॉल्टनना निरीक्षणाच्या खोक्यापर्यंत जमिनीवरून रांगत जावं लागे. १९५१ साली दोघांना नोबेल मिळालं. हे वाचल्यापासून मी डायोड शोधायला रांगतो तेव्हा घरी ही परंपरा सांगतो. घरचे नोबेलबद्दल विचारतात.

“ते अणू फोडत होते,” काका म्हणाले. “तू काय फोडणार आहेस?”

हा प्रश्न टाळता येत नाही. प्रत्येक हौशी माणसाकडे त्याचं एक उत्तर तयार असतं. माझं उत्तर होतं चार पांढऱ्या एलईडींची माळ. एका एलईडीला तीन व्होल्ट, चारांना बारा. नऊच्या बॅटरीवर माळ पेटत नाही, डबलर लावला की पेटते. पेटली. टेबलावरचा चहाचा कप आणि काकांचं नाक, दोन्ही लख्ख दिसू लागले.

काकांनी माळ हातात घेतली, उलटीसुलटी केली. “आणि हीच मधे तोडून दोन-दोनच्या दोन माळा केल्या असत्या तर?”

दोन एलईडींना सहा व्होल्ट. नऊच्या बॅटरीवर एकेक रेझिस्टर लावून दोन्ही माळा आरामात पेटतात. ना ५५५, ना डायोड, ना ६,९०० वेळा उठाबशा. आणि अठराच हवे असतील तर दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की काम संपतं. एकही एजंट मधे येत नाही. तपासणी विभागाचा माणूस तो हाच. जगातल्या सगळ्या हौशी लोकांनी मिळून हा प्रश्न पन्नास वर्षं दाबून ठेवला होता, तो यांनी चष्म्याच्या वरून बघत काढला.

अशा वेळी कोणतीही योजना आपल्या थोर वारसदारांकडे बोट दाखवते. याच ५५५ला कॉइल आणि मॉस्फेट जोडला, तर बारा व्होल्टांवरून १७० व्होल्ट मिळतात आणि त्यावर जुन्या निक्सी ट्यूबांची, केशरी आकड्यांची घड्याळं चालतात. लोक ती हौसेने करतात आणि एकदा चटका बसला की त्याहून हौसेने सांगतात. पण काकांना घड्याळ नको होतं. त्यांच्या मनगटावर लग्नातलं होतं. मग मी कोपऱ्यात टेकवलेल्या त्यांच्याच लाडक्या शस्त्राकडे वळलो. ते संध्याकाळचे कुठेही गेले तरी डास मारायची रॅकेट बरोबर असते.

“काका, या रॅकेटमध्ये काय आहे? चार व्होल्टांच्या आसपासची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, इवलासा ट्रान्सफॉर्मर, आणि त्यापुढे हेच. डायोड, कपॅसिटर, डायोड, कपॅसिटर. जाळीवर हजाराच्या वर व्होल्ट येतात. करंट नगण्य, म्हणून डास जातो आणि तुम्ही राहता.”

काकांनी रॅकेटकडे नव्या नजरेने पाहिलं. आपण रोज दिवेलागणीला एका शेकडोपट योजनेचं दांडकं फिरवत असतो, ही गोष्ट निवृत्त तपासनिसाला पचायला वेळ लागतो. त्यांनी बटण दाबलं, सोडलं, आणि जाळीत वीज थोडा वेळ शिल्लक राहते हे कळल्यावर रॅकेट लांब धरली. मग म्हणाले, “इथे दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून भागायचं नाही.”

“तीन-चारशे लागतील.”

“रॅकेट उचलायला गडी ठेवावा लागेल.”

मुद्दा एकदाचा पोचला. या सर्किटने जगाला फुकट काही दिलेलं नाही. नऊचे पंधरा करताना ते चांगलं अडतीस टक्के खातं. पण कुठे खाल्लं, किती खाल्लं, कोणत्या दाण्याने खाल्लं, हे पेन्सिल आणि मीटर घेऊन बसलं तर पै-पैपर्यंत सापडतं. माणसाच्या उभ्या आयुष्यात दुपटीची आश्वासनं पुष्कळ येतात; हिशेब मागितल्यावर जागेवर बसून राहणारं हे एकच. टेबलावर आठ पाय रोवून ते म्हणतं, विचारा. हौशी माणूस उपयोग सांगायला अडखळतो याचं कारण हेच आहे: त्याला अठरा व्होल्ट हवेच नसतात, हवा असतो तो जुळणारा हिशेब. घरखर्चात तो जुळत नाही, सोसायटीच्या वार्षिक सभेत तर नाहीच नाही.

काकांनी हे मान्य केलं की नाही, ते सांगता येत नाही. त्यांनी चहा घेतला, गोड लागला बहुतेक. उठताना मात्र सवयीने सर्किटचा कागद पुढे ओढला, समासातल्या बेरजांवर एकदा नजर फिरवली, आणि खाली पेन्सिलीने तपासणीचा शेरा लिहून तारखेसह सही ठोकली:

“योजना तोट्यात. अफरातफर नाही. चालू ठेवण्यास हरकत नाही.”